विश्लेषण : लंडन पोलिसांवर समतेची देखरेख, कायदा असूनही तोच ठपका पुन्हा का?

लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलीस दलावर १९९९ मध्ये एका चौकशी अहवालाने ‘संस्थात्मक वंशवादा’चा ठपका ठेवला. २०२३ मध्ये दुसऱ्या अहवालाने तोच ठपका पुन्हा ठेवला, शिवाय त्यात लिंगभेद आणि समलिंगीद्वेषाची भर पडली. मधल्या २४ वर्षांत ब्रिटनने समतेचा कायदा केला आणि पोलिसांवर देखरेख करणारी यंत्रणा दोनदा बदलली. तरीही निष्कर्ष का बदलला नाही?

मूळ प्रकरण काय?

२२ एप्रिल १९९३ रोजी आग्नेय लंडनमधील एल्थम येथे बसथांब्यावर उभ्या असलेल्या स्टीफन लॉरेन्स या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाची गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने हत्या केली. तपास इतका ढिसाळ झाला की दोघांना शिक्षा होण्यास २०१२ साल उजाडले. सर विल्यम मॅकफर्सन यांच्या चौकशी अहवालाने फेब्रुवारी १९९९ मध्ये ७० शिफारशी केल्या. संस्थात्मक वंशवाद म्हणजे प्रत्येक पोलीस वंशवादी असतो असे नव्हे, हे अहवालाने स्पष्ट केले. रंग, संस्कृती किंवा वांशिक मूळ यांमुळे लोकांना योग्य सेवा देण्यात संपूर्ण संस्थाच कमी पडते, आणि हे अपयश तिच्या कार्यपद्धतीत व वागणुकीत दिसते, असा त्याचा अर्थ. पुढच्याच वर्षी कायदादुरुस्ती होऊन वांशिक भेदभावविरोधी कायदा पोलिसांच्या कामकाजालाही लागू झाला.

देखरेख कोण करते?

२००० पर्यंत लंडन पोलिसांवर थेट ब्रिटनच्या गृहमंत्र्यांची देखरेख होती. त्यानंतर स्वतंत्र पोलीस प्राधिकरण आले. २०१२ पासून ही जबाबदारी लंडनचे महापौर आणि त्यांच्या पोलीस व गुन्हे कार्यालयाकडे आहे. अंदाजपत्रक ठरवणे, पोलीस कामाचा प्राधान्यक्रम आखणे आणि आयुक्तांना जाब विचारणे ही या कार्यालयाची कामे. या कार्यालयावर लंडन असेम्ब्लीची समिती लक्ष ठेवते. गंभीर तक्रारींसाठी स्वतंत्र तपास संस्था आहे आणि दलाची तपासणी करणारे निरीक्षणालयही आहे.

मात्र कोणाला अटक करायची, तपास कसा करायचा, हे महापौर सांगू शकत नाहीत. पोलिसांवर राजकीय दबाव येऊ नये म्हणून ही मर्यादा कायद्यानेच घातली आहे. आयुक्तांची नेमणूकही गृहमंत्र्यांच्या सल्ल्याने राजाकडून होते; महापौरांचे मत फक्त विचारात घेतले जाते.

समता कायदा काय सांगतो?

२०१० च्या समता कायद्यातील कलम १४९ पोलीस दल आणि महापौरांचे कार्यालय या दोघांनाही बांधते. भेदभाव दूर करणे, समान संधी वाढवणे आणि समाजगटांतील संबंध चांगले ठेवणे या तीन गोष्टींचा विचार निर्णय घेण्याआधी करणे बंधनकारक आहे. निर्णय झाल्यावर कागद जोडून भागत नाही.

याचा अर्थ किती काटेकोर आहे, हे २०२० मध्ये साउथ वेल्स पोलिसांविरुद्धच्या खटल्यात दिसले. रस्त्यावरील लोकांचे चेहरे ओळखणारी कॅमेरा यंत्रणा पोलिसांनी वापरली होती. तिचे सॉफ्टवेअर वंश किंवा लिंगानुसार जास्त चुका करते का, याची खातरजमा पोलिसांनी स्वतः केली नव्हती. अपिली न्यायालयाने यावर बोट ठेवले. सॉफ्टवेअर पक्षपाती आहे असे न्यायालय म्हणाले नाही. पोलिसांनी प्रश्नच विचारला नाही, हेच कायद्याचे उल्लंघन ठरले.

तो प्रश्न विचारल्यावर काय होते, तेही समोर आहे. लंडन पोलिसांच्या अशाच यंत्रणेची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने चाचणी घेतली. जुळणीची पातळी काटेकोर ठेवली तर वांशिक गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. ती सैल केली तेव्हा मात्र कृष्णवर्णीयांबाबत चुकीच्या जुळण्या वाढल्या. म्हणजे भेदभाव होणार की नाही, हे सॉफ्टवेअरमधील एका सेटिंगवर अवलंबून होते. अशा बाबतीत देखरेख करणाऱ्याला हे सेटिंग कोण ठरवते, हे माहीत असावे लागते.

आकडे काय सांगतात?

मार्च २०२१ मध्ये सेवेत असलेल्या लंडनच्या पोलिसानेच सारा एव्हरर्ड या तरुणीचे अपहरण करून तिच्यावर बलात्कार केला आणि तिची हत्या केली. त्यानंतर बॅरोनेस लुईस केसी यांच्याकडे दलाच्या कार्यसंस्कृतीची चौकशी सोपवण्यात आली. मार्च २०२३ च्या त्यांच्या अहवालानुसार दलात ८२ टक्के गोरे आणि ७१ टक्के पुरुष होते. २०२१ च्या जनगणनेनुसार लंडनमधील सुमारे ४६ टक्के लोक गोरे नाहीत. त्यात आशियाई वंशाचे लोक मोठ्या संख्येने आहेत आणि अनेक मराठी कुटुंबेही आहेत.

पण भरतीचा आकडा अर्धेच चित्र दाखवतो. केसी यांच्या ऑक्टोबर २०२२ च्या अंतरिम निष्कर्षांनुसार गोऱ्या सहकाऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीय पोलीस व कर्मचाऱ्यांवर गैरवर्तनाचा आरोप होण्याचे प्रमाण ८१ टक्क्यांनी, तर आशियाईंबाबत ५५ टक्क्यांनी जास्त होते. दरवाजा उघडला, पण आत आलेल्यांना टिकणे अवघड झाले, तर भरतीचा आकडा वर्षभर छान दिसतो आणि नंतर गळतो.

भरतीत आरक्षण का नाही?

भारतीय वाचकाला पहिला प्रश्न हाच पडेल. ब्रिटनच्या कायद्यात सरसकट कोटा बेकायदा आहे. दोन उमेदवार तुल्यबळ असतील तरच प्रतिनिधित्व कमी असलेल्या गटातील उमेदवाराला झुकते माप देता येते. २०१९ मध्ये चेशायर पोलिसांनी ही मर्यादा ओलांडल्याचा निकाल लागला आणि डावलल्या गेलेल्या गोऱ्या उमेदवाराने खटला जिंकला. अपवाद उत्तर आयर्लंडचा. तेथे खास कायदा करून २००१ ते २०११ या काळात निम्मी भरती कॅथलिकांमधून करण्यात आली आणि त्यांचे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या आसपास गेले. लंडनसाठी असा कायदा झालेला नाही.

देखरेख कुठे कमी पडते?

पहिली अडचण माहितीची. महापौरांच्या कार्यालयाकडे येणारे बहुतेक आकडे पोलीसच तयार करतात. चेअरिंग क्रॉस पोलीस ठाण्यातील वंशद्वेषी व स्त्रीद्वेषी संदेशांचे प्रकरण तपास संस्थेने २०२२ मध्ये उघड केले. दल सुधारत असल्याचे सांगितले गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये बीबीसीच्या छुप्या चित्रीकरणात त्याच ठाण्यातील पोलीस तशीच भाषा बोलताना दिसले आणि काहींना बडतर्फ करावे लागले. मधल्या काळातले अहवाल आणि बैठका यांना जे दिसले नाही, ते एका छुप्या कॅमेऱ्याला दिसले.

दुसरी अडचण अधिकाराची. फेब्रुवारी २०२२ मध्ये महापौर सादिक खान यांनी अविश्वास दाखवल्यावर आयुक्त क्रेसिडा डिक यांनी पद सोडले. त्यानंतरच्या चौकशीत महापौरांनी कायदेशीर प्रक्रिया पाळली नसल्याचा निष्कर्ष निघाला; खान यांनी तो फेटाळला. प्रश्न विचारणे आणि पद काढून घेणे या दोन टोकांच्या मध्ये देखरेख करणाऱ्याच्या हाती फारसे काही नाही, हे यातून दिसले.

तिसरी अडचण कबुलीची. नवे आयुक्त सर मार्क रौली यांनी केसी यांचे निष्कर्ष मान्य केले, पण ‘संस्थात्मक’ हा शब्द वापरण्यास नकार दिला. हा शब्द संदिग्ध आहे आणि त्याला राजकीय रंग आला आहे, असे त्यांचे म्हणणे. टीकाकारांच्या मते दोष संस्थेचा मानला नाही, तर उपायही काही वाईट पोलिसांना काढण्यापुरताच राहतो.

आता काय बदलले?

केसी यांच्या शिफारशीनुसार महापौरांच्या अध्यक्षतेखाली लंडन पोलिसिंग मंडळ स्थापन झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याची पहिली बैठक झाली. आयुक्तांना येथे जाहीरपणे उत्तरे द्यावी लागतात आणि कोणीही ती ऐकू शकतो. तथापि मंडळाची भूमिका महापौरांना साह्य करण्याची आहे. पोलिसांना आदेश देण्याची नाही. निरीक्षणालयाने जून २०२२ मध्ये दलाला विशेष देखरेखीखाली घेतले होते. जानेवारी २०२५ मध्ये ती उठवण्यात आली. त्याच वर्षी चेअरिंग क्रॉसचे चित्रीकरण समोर आले.

पुरेशी सुधारणा झाली नाही तर दलाचे विभाजन करण्यासारख्या पर्यायांचा विचार करावा, असेही केसी यांनी सुचवले आहे. तो निर्णय कोणाच्या सांगण्यावरून घ्यायचा, हाच खरा प्रश्न. आकडे पोलिसांचेच असतील, तर सुधारणेचा निर्वाळाही पोलिसच देणार. वर्दीतला माणूस आपल्याशी कसा वागला, हे रस्त्यावर अडवल्या गेलेल्या तरुणाला, तक्रार घेऊन आलेल्या महिलेला आणि वरिष्ठाविरुद्ध बोलणाऱ्या हवालदाराला जास्त ठाऊक असते. त्यांचे म्हणणे पोलिसांच्या हातून न जाता मंडळापर्यंत पोहोचण्याची सोय झाली, तरच २४ वर्षांनी तिसरा अहवाल लिहिण्याची वेळ येणार नाही.