इन्स्पेक्टर दोस्त झाला, पण कुणाचा?

दोस्तांनो, फायनल इयर संपलं की तुमच्यापैकी कितीतरी जण चाकण, वाळूज नाहीतर बुटीबोरीच्या एमआयडीसीत अप्रेंटिस म्हणून रुजू व्हाल. गेटवर हेल्मेट मिळेल. भिंतीवर ‘सुरक्षा प्रथम’चा बोर्ड असेल. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, शपथही घ्याल. पण प्रॉडक्शन वाढावं म्हणून प्रेस मशीनचा गार्डच काढून ठेवलेला दिसला, तर सांगायचं कुणाला?

पूर्वी उत्तर सोपं होतं, निदान कागदावर तरी. फॅक्टरी इन्स्पेक्टरला! कामगार सुरक्षेच्या २०२०च्या संहितेनं मात्र त्याचं नावच बदललं. आता तो ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’. म्हणजे नुसत्या चुका काढायच्या नाहीत, नियम कसे पाळायचे हे मालक आणि कामगार दोघांनाही समजावून सांगायचं.

कल्पना वाईट नाही हं. दहा-वीस माणसांच्या वर्कशॉपवाल्याला अनेकदा नियमच माहीत नसतात. त्याला दंडापेक्षा सल्ल्याचा उपयोग जास्त. शिवाय इन्स्पेक्टर रोज थोडाच येणार आहे? बाकीचे दिवस मालकानंच काळजी घ्यायची असते.

अमेरिकेत असा प्रयोग १९८२ पासून चालू आहे. तिथल्या ‘ओशा’ या सरकारी यंत्रणेच्या योजनेत कंपनी स्वतःहून अर्ज करते. सरकारी पथक येऊन सगळं तपासतं. पास झाली की कंपनीला नेहमीच्या ठरलेल्या तपासण्यांतून सूट. तक्रार आली किंवा जीवघेणा अपघात झाला, तर मात्र तपासणी होतेच. आणि एक महत्त्वाची अट म्हणजे कामगारांचा सहभाग हवाच. युनियन असेल तर तिची संमतीही लागते.

तरीही गडबड झालीच. तिथल्या संसदेसाठी तपासणी करणाऱ्या ‘जीएओ’ या संस्थेनं २००९ मध्ये दाखवून दिलं, की कामगारांचे मृत्यू झाल्यावरही काही कारखाने या योजनेत तसेच राहिले होते. एकदा मिळालेला शिक्का काढून घ्यायला कुणी धजावत नाही, ही खरी अडचण.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की मैत्री जरूर करा, पण ती तिघांची हवी. सरकार आणि मालक चहा पीत बसलेत आणि मशीनवर हात घालणारा दाराबाहेर उभा आहे, याला सहकार्य नाही म्हणत. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, धोकादायक कारखान्यांत सुरक्षा समिती सक्तीची झाली. मालक आणि कामगार, दोघांचेही प्रतिनिधी समसमान. नव्या संहितेतही, जिथे समिती असेल तिथे कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी चालत नाहीत. धोका दिसला तर कर्मचाऱ्यानं मालकाला सांगावं आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवावं, असंही तिच्यात लिहिलंय.

पण कागदावरची समिती आपोआप जागी होत नाही. तेव्हा पहिल्या दिवशी कँटीन कुठे आहे हे विचारालच. त्यासोबत आणखी दोन प्रश्न विचारा. इथे सुरक्षा समिती आहे का? आणि तिच्यात कामगारांच्या बाजूनं कोण बसतं?

‘नवीन पोरगं फार बोलतंय’ म्हणून कुणी हसेल. हसू दे. बोटं तुमची आहेत, राव!