सब्र आपल्या जागी, प्रमाणपत्र आपल्या जागी

पोलिओने पाय गेलेला, अपघातात हात गमावलेला किंवा जन्मापासून दिसत नसलेला माणूस ज्या मोहल्ल्यात नाही, असा मोहल्ला सापडणार नाही. त्याच्यासाठी दुआ होते. रमजानमध्ये जकातीचं पाकीट पोहोचतं, ईदला कपडे मिळतात. पण "दिव्यांगाचं प्रमाणपत्र काढलंत का?" असं विचारलं की घरची मंडळी एकमेकांकडे पाहतात. "अल्लाहची मर्जी. कागदाने काय पाय बरा होणार आहे?"

कागदाने पाय बरा होत नाही हे खरं. औषधानेही प्रत्येक आजार बरा होत नाही, म्हणून आपण दवाखाना सोडत नाही.

मुलगी असेल तर गोष्ट आणखी अवघड. तिच्या नावाचं प्रमाणपत्र निघालं तर ती सरकारदरबारी 'माजूर' ठरेल, मग धाकट्या बहिणींना स्थळं येणार नाहीत, अशी भीती आईला वाटते. म्हणून मुलगी आतल्या खोलीत, शाळा चौथीला बंद. सगळ्या मोहल्ल्याला जे ठाऊक आहे ते फक्त सरकारपासून लपवून कुणाचं भलं होतं, हे मला आजवर कळलेलं नाही. नुकसान मात्र त्या मुलीचं रोज होतं.

आता कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा, सरकारी नोकरीत किमान ४ टक्के आरक्षण. सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेने "आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही" म्हणून प्रवेश नाकारणं कायद्याला मान्य नाही. मुख्याध्यापक तसं म्हणाले तर अब्बांनी मान खाली घालून परत येऊ नये, नकार लेखी मागावा. लेखी मागितल्यावर बोलण्याचा सूर बऱ्याचदा बदलतो.

याशिवाय एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्यांना रेल्वेच्या स्लीपर वर्गात तेवढीच सवलत मिळते, सोबत्यालाही मिळते. वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न ५० हजारांच्या आत असेल तर संजय गांधी निराधार योजनेच्या मासिक अनुदानासाठी तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. आणि आपली ग्रामपंचायत किंवा नगरपालिका स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायला बांधील आहे. तो कुठे गेला, हे ग्रामसभेत उभं राहून विचारायचा हक्क गावातल्या प्रत्येक मतदाराला आहे. निवडणुकीत आपण इतका वेळ घालवतो, हा एक प्रश्न विचारायला किती लागेल?

या बहुतेक दारांची किल्ली एकच, ती म्हणजे यूडीआयडी कार्ड. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा. घरी जमत नसेल तर महा ई-सेवा केंद्रात करून मिळतो. मग दिलेल्या तारखेला सरकारी रुग्णालयात तपासणी होते आणि डॉक्टर टक्केवारी ठरवतात. ती चुकीची वाटली तर अपील करता येतं.

आपल्या लोकांचं घोडं अडतं ते मात्र नावाशी. आधारवर 'शेख', शाळेच्या दाखल्यावर 'शेक', रेशनकार्डावर आडनावच नाही. मुलीच्या नावापुढे एका कागदावर 'बी', दुसऱ्यावर 'बानो', लग्नानंतर 'बेगम'. जन्मतारीख तर कित्येकांची १ जून किंवा १ जानेवारी. म्हणून आधी आधार दुरुस्त करून घ्या, मगच अर्जाला हात घाला. कार्ड एका नावाने आणि बँकेचं पासबुक दुसऱ्या नावाने असेल, तर मंजूर झालेलं अनुदानही अडकून पडतं.

रुग्णालयापर्यंत जाणं हाही मोठा प्रश्न. व्हीलचेअरवरच्या माणसाला तालुक्याहून जिल्ह्याला न्यायचं तर गाडी हवी, सोबत दोन माणसं हवीत, त्यांची दिवसाची मजुरी बुडते. मोहल्ल्यातल्या तरुणांनी महिन्यातून एक दिवस एक गाडी करून चार-पाच जणांना एकत्र नेलं, तर ती मदत वर्षभराच्या पाकिटांपेक्षा लांब पुरेल.

मशिदीबद्दलही बोलायला हवं. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम (रजि.) यांना दिसत नव्हतं. सूरह 'अबस'च्या सुरुवातीच्या आयती त्यांच्याच प्रसंगावर उतरल्या. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मशिदीत ते अजान देत, आणि प्रेषित (स.) मदीनेबाहेर असताना शहराची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली गेली होती. आपल्याकडे त्यांच्यासारखा माणूस आला तर पहिल्या पायरीलाच अडेल. पायऱ्यांना कठडा नाही, वजूखान्याची फरशी निसरडी, धरायला काही नाही. व्हीलचेअरवाल्याला तर "चाकं नापाक आहेत" म्हणून दारातच थांबवतात. चाकं ओल्या फडक्याने पुसता येतात. नाहीतर एक व्हीलचेअर मशिदीतच ठेवावी, तिची चाकं रस्त्याला लागणारच नाहीत. गुडघे दुखणाऱ्या बुजुर्गांसाठी सफांमध्ये खुर्च्या आल्याच ना?

कमिटीने उतार बांधायचं ठरवलं तर एक हिशेब मिस्त्रीला सांगून ठेवावा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी. जोतं दोन फुटांचं असेल तर उतार चोवीस फुटांचा होईल, जागा कमी असेल तर मध्ये वळण घ्यावं. जागा वाचवायला आठ-दहा फुटांत संपवलेल्या उतारावरून मोटारसायकल चढते, व्हीलचेअर चढत नाही.