इंजिन लहान, गाडी मोठी

अमेरिकेतील रॅम कंपनीने आपल्या '१५००' या पिकअप ट्रकमधून आठ सिलिंडरांचे 'हेमी' इंजिन काढून टाकले आणि २०२५ सालच्या गाड्यांत सहा सिलिंडरांचे टर्बो इंजिन बसविले. पण त्याच वर्षी जूनमध्ये जुने इंजिन परत आणत असल्याचे कंपनीने जाहीर केले. ग्राहकांचे त्यावर प्रेम आहे, असे कारण सांगण्यात आले. पुढच्याच महिन्यात अमेरिकन काँग्रेसने संमत केलेल्या कायद्याने इंधन-बचतीची मानके न पाळणाऱ्या मोटार-कारखानदारांवरील दंड शून्यावर आणून ठेवला. पहिल्या घटनेचे कारण दुसरीच होती, असे सिद्ध करणे कठीण आहे. पण दंडाचे भय होते तोवर हे प्रेम दडून राहिले होते, एवढे मात्र खरे.

टर्बो यंत्रणेत मुळात वाईट असे काही नाही. इंजिनातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या तप्त वायूच्या जोरावर एक चक्र फिरते. ते चक्र दुसऱ्या चक्राकरवी सिलिंडरात जादा हवा दाबून भरते. त्यामुळे लहान इंजिन मोठ्याचे काम करते. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. वाया जाणाऱ्या शक्तीला कामाला लावणारी ही युक्ती कोणत्याही समाजवाद्याने स्वागत करावे अशीच आहे. प्रश्न आहे तो यातून झालेली बचत कोणाच्या पदरी पडली, हा.

१९७३च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने १९७५ साली कायदा करून मोटारींसाठी इंधन-बचतीची मानके ठरविली. शेतकरी आणि कारागीर यांची वाहने म्हणून हलक्या ट्रकांना त्यांत सवलत मिळाली. या फटीतून कारखानदारांनी साधी मोटार मागे ढकलून ट्रक पुढे आणला. पुढे मानक चाकांमधील क्षेत्रफळाशी जोडले गेले. म्हणजे गाडी जितकी मोठी, तितके बंधन सैल. फोर्डने २०११च्या एफ-१५० ट्रकात ३.५ लिटरचे टर्बो इंजिन दिले. त्याची ताकद ३६५ अश्वशक्ती, तर त्याच गाडीतील आठ सिलिंडरांच्या ५ लिटरच्या इंजिनाची ३६०. इंजिन लहान झाले, गाडी झाली नाही. शिवाय जड ओझे ओढताना या इंजिनाची बचत बरीचशी ओसरते. कोळशाची काटकसर करणाऱ्या यंत्रांनी कोळशाचा खप वाढतो, हे जेव्हन्सने १८६५ सालीच दाखविले होते. वाढलेल्या आकाराची किंमत पादचारीही मोजतात. अमेरिकेत २००९ साली सुमारे ४,१०० पादचारी वाहनांखाली मेले. २०२२ साली ही संख्या ७,५००च्या वर गेली. याला अनेक कारणे आहेत. पण उंच नाकाच्या गाड्या हे त्यांपैकी एक आहे, असे तेथील विमा कंपन्यांच्या संशोधन-संस्थेनेच म्हटले आहे.

येथे आपल्या चळवळीलाही आरशात पाहावे लागेल. परदेशी हलक्या ट्रकांवर १९६४पासून २५ टक्के जकात आहे. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर बसविलेल्या कराला दिलेले ते उत्तर होते. तिच्या आडोशाला कामगारांच्या नोकऱ्या जशा टिकल्या, तसेच मालकांना स्वस्त, लहान ट्रकांच्या स्पर्धेपासून अभयही मिळाले. मोटार-कामगारांची संघटना कडक मानकांच्या विरोधात दीर्घकाळ मालकांच्या बाजूने उभी राहिली. २०११ साली तिने भूमिका बदलली. त्याच संघटनेने २०२३ साली तिन्ही बड्या कंपन्यांत एकाच वेळी संप करून सुमारे साडेचार वर्षांच्या करारात २५ टक्के वेतनवाढ मिळविली. फोर्डच्या केंटकीतील अवजड ट्रकांच्या कारखान्यात ८,७०० कामगारांनी काम थांबविले तेव्हा मालकाचा नफा कोठे साठला आहे ते साऱ्या जगाला दिसले. ज्यांच्या हातात एवढे सामर्थ्य आहे, त्यांनी आपण काय बनवितो हा प्रश्न मालकांवर सोडून देऊ नये. फोर्डने डिसेंबर २०२५ मध्ये विजेवरील एफ-१५०चे उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले; हा निर्णयही संचालकांच्याच खोलीत झाला.

आपल्याकडे पिकअप ही मिरवण्याची वस्तू नाही. पहाटे टोमॅटोचे क्रेट घेऊन बाजार समितीच्या दारात उभी राहणारी गाडी बहुधा हप्त्यांवर घेतलेली असते, आणि डिझेलचा प्रत्येक लिटर चालकाच्या मजुरीतून जातो. त्याला टर्बो इंजिनाची बचत खरोखरच हवी आहे. पण ते इंजिन बिघडले की गावच्या मिस्त्रीला हात लावता येत नाही. संगणक जोडल्याशिवाय दोषही कळत नाही. म्हणून इंधनाची मानके वाहनाचा आकार वाढल्याबद्दल बक्षीस देणारी नसावीत, दुरुस्तीची माहिती व सुटे भाग कंपनीच्या कुलपात राहू नयेत, आणि इंजिन बदलले म्हणून चाकणचा कंत्राटी कामगार रस्त्यावर येऊ नये, या तीन मागण्या आपण एकत्र मांडल्या पाहिजेत. चालक, मिस्त्री आणि कामगार यांना वेगवेगळे बोलावून समजूत काढणे मालकांना सोपे जाते. त्या तिघांना एका सभेत बसविणे हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे, आणि ते तालुक्याच्या बाजारापासून सुरू करता येईल.