पॉइंटांची खतावणी

व्यापारी घरात रोख किती, माल किती आणि येणे किती हे विचारले, तर घरातील जाणते माणूस वही न उघडता सांगते. मात्र क्रेडिट कार्डांवर आणि विमान कंपन्यांच्या खात्यांत साचलेले पॉइंट किती, ते कोणाच्या नावावर आहेत आणि केव्हा बाद होणार आहेत, असे विचारताच सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. खरेदीसाठी सुरत, अहमदाबाद, दिल्ली अशा फेऱ्या होतात, बिले कार्डावर भरली जातात आणि पॉइंट आपोआप वाढत राहतात. ते आपोआप वाढतात, म्हणूनच बहुधा त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

वस्तुतः हे पॉइंट म्हणजे आपले येणेच होय. फरक एवढाच, की या येण्याचा भाव देणेकरी ठरवतो आणि स्वतःच्या सोयीने तो बदलतोही. अशा अटीवर आपण कोणत्याही पेढीला उधारी दिली नसती.

ही पद्धत फार जुनी नाही. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी आपली 'ॲडव्हांटेज' योजना सुरू केली आणि पाहता पाहता इतर कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. आरंभी हिशेब मैलांचा असे; जितका प्रवास लांबचा, तितकी जमा अधिक. पुढे अनेक कंपन्यांनी मैल सोडून तिकिटासाठी मोजलेल्या पैशांवर पॉइंट देण्यास सुरुवात केली. एअर इंडियानेही २०२४ मध्ये हाच मार्ग धरला. स्वस्त तिकीट काढून लांब जाणाऱ्याला यात कमी मिळते, ही गोष्ट पुष्कळांच्या अद्याप ध्यानात आलेली नाही.

आपल्याकडील अलीकडची उदाहरणे पाहावीत. जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. तिची पॉइंटांची योजना वेगळ्या कंपनीकडे होती, म्हणून जमा बुडाली नाही. त्याच वर्षी ती 'इंटरमाइल्स' या नव्या नावाने पुढे चालू राहिली. पॉइंट उरले, पण ज्या विमानांसाठी ते जमवले, ती विमाने उरली नाहीत. विस्तारा कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या सभासदांचे पॉइंट 'महाराजा क्लब'मध्ये गेले. संख्या तीच राहिली. मात्र एका आसनासाठी किती पॉइंट लागणार, हे आता नव्या घराच्या कोष्टकावर ठरू लागले. बँकांच्या बाबतीत ॲक्सिस बँकेचे मॅग्नस कार्ड अनेकांना आठवेल. महिन्याला एक लाख रुपये खर्च केल्यावर मिळणारे २५,००० पॉइंट १ सप्टेंबर २०२३ पासून बंद झाले. त्याच दिवसापासून सर्वसाधारण कार्डधारकास पाच पॉइंटांच्या बदल्यात विमान कंपनीचे चार पॉइंट मिळत, तेथे दोनच मिळू लागले. सूचना आगाऊ दिली गेली होती. ज्यांनी ती वाचली त्यांनी आपली जमा जुन्या दराने हलवली. ज्यांनी वाचली नाही, त्यांच्या पुंजीची किंमत एका रात्रीत निम्म्यावर आली.

तेव्हा खरा प्रश्न सूचना वाचण्याचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कार्डाचे शुल्क वाढवायचे असल्यास किमान एक महिना आधी कळवावे लागते, आणि ते मान्य नसलेल्या ग्राहकास जादा आकार न देता कार्ड परत करता येते. बाकी काही देणे नसेल, तर कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण व्हावी लागते. पुढील विलंबाला प्रतिदिन ५०० रुपये दंड आहे. हा नियम शुल्कापुरता आहे. पॉइंटांच्या दराचे सारे बँकेच्या अटींवर चालते आणि त्या अटींत बहुधा 'पूर्वसूचनेशिवाय बदल करण्याचा अधिकार राखून' अशा अर्थाचे वाक्य असतेच.

सूचना येते ती ई-मेलवर. कार्डाचा अर्ज भरताना कोणाचा ई-मेल दिला होता, हे आधी तपासावे. तो दुकान सोडून गेलेल्या अकाउंटंटचा असतो, नाहीतर शिकायला बाहेरगावी असलेल्या मुलाचा. पत्ता बरोबर असला, तरी पत्र जाहिरातींच्या कप्प्यात जाऊन पडते. एसएमएसवर मात्र मुळीच भिस्त ठेवू नये. 'आपले पॉइंट आज रात्री बाद होत आहेत, येथे दाबा' हा संदेश भामट्यांच्या आवडीचा आहे, कारण खऱ्या संदेशाची भाषाही थेट तशीच असते. खरे-खोटे ओळखण्याच्या भरीस न पडता कोणत्याही लिंकला हात लावू नये आणि बँकेचे ॲप स्वतः उघडून शिल्लक पाहावी. ओटीपी सांगून बसले असल्यास क्षणाचाही विलंब न लावता बँकेस आणि १९३० या क्रमांकावर कळवावे.

माझ्या मते याहून खात्रीचा उपाय भाव काढण्याचा आहे. समजा, तिकिटाचा रोख दर ६,००० रुपये आहे. तेच तिकीट ८,५०० पॉइंट आणि वर ९०० रुपये कर भरून मिळते. म्हणजे ५,१०० रुपयांसाठी ८,५०० पॉइंट गेले. एका पॉइंटचा भाव ६० पैसे. नेहमीच्या दोन मार्गांचा हा भाव दर तीन महिन्यांनी वहीत लिहावा. तो ६० वरून ४० वर आला, की एखादी सूचना आपल्या नजरेतून सुटली असे समजावे. सोन्याचा भाव रोज पाहणाऱ्यांना यात अवघड काही नाही. एक मात्र सांगितले पाहिजे: पॉइंटांसाठी खर्च वाढवणे किंवा बिल थकवणे हा निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार आहे. थकलेल्या रकमेवर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते. त्यापुढे ६० पैशांचे कौतुक ते काय!

वही साधी असावी. खाते कोणाचे, शिल्लक किती, बाद होण्याची तारीख कोणती, ई-मेल कोणाचा, आज भाव किती. जीएसटीचे ३बी विवरणपत्र दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावे लागते. त्याच बैठकीत दहा मिनिटे यासाठी द्यावीत. काम घरातील एकाच व्यक्तीकडे सोपवावे. सूनबाई किंवा मुलगी ते उत्तम करू शकते. दुकानाच्या धबडग्यात अडकलेल्याकडून ते होत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. बँकेचे पॉइंट विमान कंपनीकडे वळवले, की सहसा परत येत नाहीत. म्हणून आसन उपलब्ध असल्याचे पाहिल्यावाचून ते हलवू नयेत. वडीलधाऱ्यांच्या खात्यांकडे विशेष लक्ष असावे, कारण अनेक योजनांत सभासदाच्या पश्चात जमा वारसाकडे जात नाही.

श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकासाठी पॉइंट साठवत असल्याचे काही कुटुंबे सांगतात. मागचा सोहळा २०१८ मध्ये झाला. बारा वर्षांच्या अंतराने पुढचा २०३० मध्ये येईल. इतका काळ ही जमा भाव टिकवून राहील, असे मानण्यास आधार नाही. त्या सोहळ्यासाठी रोख बाजूला ठेवावी आणि हाती असलेल्या पॉइंटांवर यंदाच आई-वडिलांना शिखरजीला न्यावे: रांचीपर्यंत विमान, पुढे मधुबनपर्यंत गाडी. चातुर्मास संपताच सर्वांची एकदम निघण्याची घाई होते आणि दिवाळीच्या सुटीत पॉइंटांवरची आसने फार थोडी उरतात, म्हणून तारीख पर्युषणापूर्वीच धरावी. तिकीट काढतानाच जैन भोजनाची नोंद करावी; तिचा संकेत 'व्हीजेएमएल' असा आहे. पॉइंटांवरच्या तिकिटाला ती आपोआप लागत नाही.