विश्लेषण : परदेशी सुनेच्या व्हिसाला नेमका किती वेळ लागतो? घड्याळ अडते कुठे?

शिक्षण आणि नोकरीसाठी जळगाव, धुळ्यातून परदेशी गेलेल्या तरुणांची लग्ने आता तिकडच्या मुलींशीही होतात. दुसरीकडे फाळणीनंतर या दोन शहरांत वसलेल्या सिंधी समाजातील काही घरांचे नातेसंबंध आजही सीमेपलीकडे आहेत. सून कुठल्याही देशाची असो, घरच्यांचा पहिला प्रश्न एकच असतो. तिला इथे कायमचे राहण्याची परवानगी किती दिवसांत मिळेल? या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नाही. मात्र कोणत्या टप्प्याला किती वेळ लागतो आणि त्यातला कोणता वेळ कुटुंबाच्या हातात असतो, हे समजून घेता येते.

एकच उत्तर का नाही?

भारतात ‘पत्नी व्हिसा’ नावाचा वेगळा व्हिसा नाही. भारतीय नागरिकाच्या परदेशी पत्नीला ‘एंट्री’ म्हणजे ‘एक्स’ प्रकारचा व्हिसा दिला जातो. त्याआधी लग्नाची नोंदणी, नंतर परदेशी नागरिक म्हणून नोंदणी, दोन वर्षांनी ओसीआय कार्ड आणि हवे असल्यास सात वर्षांनी नागरिकत्व, असा हा प्रवास आहे. यातील काही मुदती कायद्यानेच ठरवलेल्या आहेत. त्या कोणाच्या ओळखीने कमी होत नाहीत. काही वेळ सुरक्षाविषयक पडताळणीत जातो. तो प्रकरणानुसार आणि विशेषतः पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे त्यानुसार बदलतो. उरलेला वेळ अपुऱ्या कागदांमुळे वाया जातो. तेवढाच वाचवणे कुटुंबाच्या हातात असते.

लग्नाच्या नोंदणीला किती दिवस?

वर हिंदू आणि वधू ख्रिस्ती किंवा अन्य धर्माची असेल, तर विशेष विवाह कायदा, १९५४ हा सरळ मार्ग. त्यासाठी जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. नोटिशीपूर्वी सलग ३० दिवस दोघांपैकी किमान एकाचे वास्तव्य त्या जिल्ह्यात हवे. मुलगा जळगावचाच रहिवासी असेल तर वधूने महिनाभर आधी येऊन थांबण्याची गरज नाही. नोटीस प्रसिद्ध झाल्यावर ३० दिवस हरकतींसाठी असतात. त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर विवाह होतो. नोटिशीपासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही, तर ती रद्द होऊन पुन्हा सुरुवात करावी लागते.

वधू अविवाहित असल्याचा तिच्या देशाचा दाखला बहुतेक वेळा मागितला जातो. तो तिकडून आणायला किंवा दूतावासातून मिळवायला लागणारा वेळ घरच्यांनी हिशेबात धरलेला नसतो. केवळ मंदिरात माळा घालून किंवा मंगल कार्यालयात सोहळा करून व्हिसाचे काम होत नाही. व्हिसासाठी नोंदणीचे प्रमाणपत्रच लागते. लग्न परदेशात झाले असेल, तर तिथल्या प्रमाणपत्रावर ‘अपोस्टिल’ किंवा दूतावासाचे साक्षांकन लागते.

पर्यटक व्हिसावर आलेल्या वधूचे काय?

सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. ‘आधी ई-व्हिसावर येऊ दे, लग्न लावू, मग बघू’ असा विचार अनेक घरांत होतो. ई-व्हिसाला मुदतवाढ नाही आणि त्याचे दुसऱ्या प्रकारात रूपांतरही होत नाही, अशी सूचना अधिकृत संकेतस्थळावरच आहे. वैध व्हिसावर आलेल्या परदेशी व्यक्तीने भारतीयाशी लग्न केल्यास एंट्री व्हिसात रूपांतर करण्याची तरतूद गृह मंत्रालयाच्या नियमांत आहे. पण त्यासाठी नोंदणीकृत विवाहाचे प्रमाणपत्र, पूर्वेतिहास, दोघे एकत्र राहत असल्याचा स्थानिक अहवाल आणि सुरक्षाविषयक मंजुरी लागते. ३० दिवसांच्या नोटिशीनंतर एवढ्या पडताळणीला हातात फारसे दिवस उरत नाहीत. म्हणून लग्नानंतर वधूने मायदेशातील भारतीय दूतावासातून एंट्री व्हिसा घेऊन येणे अनेकदा अधिक सुरक्षित ठरते. हा व्हिसा पाच वर्षांपर्यंतचा मिळू शकतो.

जळगाव-धुळ्यातील कुटुंबाने जायचे कुठे?

मुंबईत यासाठी विदेशी नागरिक प्रादेशिक नोंदणी कार्यालय आहे. जिल्ह्यात ही जबाबदारी पोलीस अधीक्षकांकडे असते. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर राहायला आलेल्या परदेशी नागरिकाने आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची असते. पाकिस्तानी नागरिकांसाठी ही मुदत २४ तासांची आहे. २०१८ पासून ‘ई-एफआरआरओ’ प्रणालीमुळे बहुतेक अर्ज ऑनलाइन होतात. त्यामुळे जळगावहून सव्वाचारशे किलोमीटरवरच्या मुंबईला प्रत्येक वेळी खेप घालावी लागत नाही.

तरीही घरची पडताळणी स्थानिक पोलीस ठाण्यामार्फतच होते. घर वडिलांच्या नावावर, वीजबिल आजोबांच्या नावावर आणि मुलाच्या आधार कार्डावर पुण्याचा पत्ता, ही खान्देशातील अनेक घरांची स्थिती असते. अर्ज परत येण्याला एवढे कारण पुरते. पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र आणि व्हिसा अर्ज या तिन्हींवरील नावाचे स्पेलिंग जुळत नसेल, तर उशीर ठरलेलाच.

ओसीआय कार्ड कधी आणि नागरिकत्व कधी?

नागरिकत्व कायद्याच्या कलम ‘७ अ’नुसार भारतीय नागरिकाच्या परदेशी पत्नीला ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. मात्र लग्न नोंदणीकृत हवे आणि अर्जाच्या लगेच आधी किमान दोन वर्षे ते सलग टिकलेले हवे. त्यानंतर सुरक्षाविषयक पूर्वमंजुरीचा वेळ वेगळा. लग्नाला दहा वर्षे झाली पण नोंदणीच नाही, तर अर्ज उभाच राहत नाही. घटस्फोट झाल्यास हे कार्ड रद्द होऊ शकते.

कार्ड मिळाल्यावर व्हिसाच्या नूतनीकरणाची कटकट संपते, पण ते नागरिकत्व नव्हे. मतदान करता येत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही. रावेर, यावलच्या केळी पट्ट्यात सुनेच्या नावावर शेत घेण्याचा विचार करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवे. नागरिकत्वासाठी कलम ५ नुसार भारतीयाशी विवाह आणि सात वर्षांचे वास्तव्य आवश्यक आहे. त्यातही अर्जापूर्वीचे शेवटचे १२ महिने सलग भारतात काढलेले असावेत.

पाकिस्तानी वधूंसाठी वेगळा रस्ता का?

जी व्यक्ती स्वतः किंवा जिचे आई-वडील, आजी-आजोबा अथवा पणजी-पणजोबा पाकिस्तान किंवा बांगलादेशाचे नागरिक आहेत वा होते, तिला ओसीआय कार्ड मिळत नाही. त्यामुळे पाकिस्तानातून आलेल्या सुनेसाठी दीर्घ मुदतीचा व्हिसा, म्हणजे ‘एलटीव्ही’, हाच आधार असतो. भारतीयाशी लग्न करून इथे राहणाऱ्या पाकिस्तानी स्त्रिया त्यासाठी पात्र आहेत. जिल्हा पोलिसांच्या आणि राज्याच्या अहवालांनंतर निर्णय केंद्रीय गृह मंत्रालयाच्या पातळीवर होतो. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते आणि नागरिकत्व मिळेपर्यंत हा क्रम चालू राहतो.

सुधारित नागरिकत्व कायद्याचे नियम मार्च २०२४ मध्ये लागू झाले. त्यांचा लाभ पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींना मिळतो. त्यानंतर लग्न होऊन आलेल्या सिंधी सुनेला मात्र सात वर्षांचाच रस्ता आहे.

एप्रिल २०२५ मध्ये काय घडले?

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यात २६ जणांचा बळी गेला. त्यानंतर केंद्राने पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा २७ एप्रिलपासून आणि वैद्यकीय व्हिसा २९ एप्रिलपासून रद्द केले. दीर्घ मुदतीचे, राजनैतिक आणि शासकीय व्हिसा त्यातून वगळले. जळगावसह राज्यातील जिल्ह्यांत कागद तपासण्याचे काम सुरू झाले. एकाच वस्तीतील दोन कुटुंबांपैकी जिच्या हातात एलटीव्ही ती राहू शकत होती. जी भेटीच्या अल्पमुदतीच्या व्हिसावर होती, तिला अटारीकडे निघणे भाग होते. लग्नाला किती वर्षे झाली, हा प्रश्न तिथे दुय्यम ठरला.

नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असणाऱ्यांचे काय, हा प्रश्न जम्मूतील एका प्रकरणात पुढे आला. सुमारे ३८ वर्षे भारतात संसार केलेल्या पाकिस्तानी महिलेला परत पाठवण्यात आले. तिच्या एलटीव्हीच्या नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित होता. जून २०२५ मध्ये जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने तिला परत आणण्याचा आदेश दिला. पुढे केंद्राने तिला भेटीचा व्हिसा देण्याची तयारी दाखवली. अर्ज केला आहे आणि व्हिसा हातात आहे, या दोन गोष्टींतील अंतर किती महाग पडू शकते, हे त्यातून दिसले.

मुदत संपली तर काय?

१ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या स्थलांतर आणि परदेशी नागरिक कायद्यानुसार व्हिसाच्या मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून गंभीर परिणाम मुलांवर होतो. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेल्या मुलाला जन्माने नागरिकत्व मिळण्यासाठी एक पालक भारतीय असणे पुरेसे नाही. दुसरा पालक त्या वेळी ‘बेकायदा स्थलांतरित’ नसला पाहिजे. व्हिसाची मुदत उलटूनही राहिलेली व्यक्ती या व्याख्येत येते. म्हणजे आईच्या व्हिसातील खंड बाळाच्या नागरिकत्वावर प्रश्नचिन्ह लावू शकतो.

मग कुटुंबाने हिशेब कसा मांडावा?

विशेष विवाह कायद्याने लग्न असेल तर नोटीस आणि कागदपत्रे धरून किमान दीड-दोन महिने मोकळे ठेवावेत. एंट्री व्हिसा आणि पडताळणीसाठी पुढचे काही महिने गृहीत धरावेत. त्या काळात परतीचे तिकीट, नोकरीची तारीख किंवा बाळंतपणाचे नियोजन व्हिसाच्या अंदाजावर बेतू नये. विवाह नोंदणी लग्नाच्याच आठवड्यात करावी, कारण पुढचा प्रत्येक अर्ज त्या प्रमाणपत्रावर उभा असतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या बराच आधी करावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. सुरक्षाविषयक मंजुरी किती दिवसांत येईल, हे जळगावात बसून ठरवता येत नाही. पण ज्या फाइलला शेरा मारून परत पाठवण्याचे कारणच सापडत नाही, ती तुलनेने लवकर पुढे सरकते.