कौल मागण्याचे धैर्य

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यातील मतदाराच्या हाती जी मतपत्रिका पडली, तिच्यावर कोणा उमेदवाराचे नाव नव्हते. फूल आणि दोन पाने अशी दोनच चिन्हे होती. फुलाला मत म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानांना मत म्हणजे केंद्रशासित प्रदेश म्हणून पृथक् अस्तित्व.

हा कौल घेण्याचे प्रयोजनच काय, असे त्या काळी महाराष्ट्रातील अनेकांना मनापासून वाटत होते. विलीनीकरणाचा उघड पुरस्कार करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष १९६३च्या निवडणुकीत सत्तारूढ झाला, त्याचे नेते भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, तेव्हा लोकमत जाहीर झालेच आहे, आता कायदेमंडळाच्या ठरावाने मुलूख जोडून घ्यावा, हा युक्तिवाद वरवर बिनतोड होता. डॉ. जॅक सिक्वेरा आणि त्यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाने मात्र प्रत्यक्ष जनतेलाच विचारावे असा आग्रह धरला, आणि अखेर संसदेने डिसेंबर १९६६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. कौल निकोप व्हावा म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. ज्याचा पक्ष या वादातील एक पक्षकार होता, त्याने तराजूवरून स्वतःचा हात काढून घेतला, ही गोष्ट मला निकालाइतकीच मोलाची वाटते. या व्यवस्थेत एक उणीवही राहिली: मुंबईत व अन्यत्र राहणाऱ्या गोमंतकीयांना मताधिकार नाकारण्यात आला.

विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरुद्ध १,७२,१९१. अंतर ३४,०२१ मतांचे. आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा त्याच गोव्याने बांदोडकरांच्याच पक्षाला पुन्हा सत्तेवर बसविले. यात विसंगती शोधणाऱ्याने लोकमताचे स्वरूपच ओळखले नाही असे मी म्हणेन. भाटकाराच्या जमिनीवर राबणारे कूळ आणि त्याच्याच भाटात घर बांधून राहणारा मुंडकार यांना बांदोडकरांमध्ये बहुजनांचा आपला माणूस दिसत होता. गावोगावी मराठी शाळा उघडल्या जात होत्या. त्यासाठी दिलेले मत हे प्रदेशाच्या सीमा पुसण्यासाठी दिलेले मुखत्यारपत्र नव्हते. निवडणुकीत मतदार शंभर प्रश्नांचे एक उत्तर देतो. त्या उत्तरातून हवा तो एक प्रश्न सोडवून घेणे म्हणजे त्याच्या सहीच्या कोऱ्या कागदावर आपल्याला हवा तो मजकूर लिहिणे होय.

मराठी भाषिकाने हे मान्य करण्यात कमीपणा नाही. उलट ते मान्य केल्यावरच बेळगाव परिसरातील सीमाभागाविषयी बोलण्याचा आपला अधिकार अधिक भक्कम होतो. गोव्याच्या कौलाचा कायदा होत होता त्याच सुमारास, ऑक्टोबर १९६६ मध्ये, या भागावरील महाराष्ट्र-म्हैसूर (आजचे कर्नाटक) वादासाठी महाजन आयोग नेमला गेला. त्याने निवेदने घेतली, साक्षी ऐकल्या आणि १९६७ मध्ये अहवाल दिला. तो महाराष्ट्राने नाकारला, आणि २००४ पासून हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरी आहे. सीमाभाग महाराष्ट्रात यावा अशी मागणी करणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार तेथून वर्षानुवर्षे निवडून येत होते तेव्हा ती केवळ स्थानिक निवडणूक ठरली. २०१८ मध्ये समितीचा एकही आमदार निवडून आला नाही, तेव्हा मात्र भावनाच मावळली असा निष्कर्ष काढण्यात आला. रस्ते, पाणी, जात, उमेदवारांतील फूट या सर्वांचा गुंता असलेल्या मतदानातून सीमेचा निर्णय वाचणे गोव्यात चूक होते, तसे ते बेळगावातही चूकच आहे.

गोमंतकीयांना तो एक प्रश्न स्वतंत्रपणे विचारला गेला आणि महाराष्ट्राने प्रतिकूल उत्तर स्वीकारले. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मतदाराला तो आजवर एकदाही विचारलेला नाही.