नेसण्याची कला

फॅशन ही कला आहे का, या वादात दोन पक्ष जुनेच आहेत. कपडा अंग झाकण्यासाठी आणि विकण्यासाठी तयार होतो, म्हणून ती फार तर कारागिरी, असे एक पक्ष म्हणतो. रंगसंगती, प्रमाण, पोत आणि रेषा यांचा जो विचार चित्रकार करतो, तोच वेशकारही करतो, असे दुसऱ्याचे म्हणणे. १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाने ईव्ह सँ लोराँ या हयात डिझायनरचे प्रदर्शन भरवले आणि दुसऱ्या पक्षाचे पारडे जड झाले.

महाराष्ट्राकडे याच वर्षाचा दाखला आहे. एप्रिल १९८३ मध्ये ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी भानू अथैया यांना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. कोल्हापूरच्या राजोपाध्ये कुटुंबातल्या भानूताई मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली होती. ‘आम्रपाली’ चित्रपटासाठी त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार घेतला. ‘गांधी’मध्ये बॅरिस्टरच्या सुटापासून पंच्यापर्यंतचा प्रवास पाहताना माणूस कसा बदलत गेला, हे संवादाआधी कपडेच सांगतात. अर्थ व्यक्त करणारी निर्मिती म्हणजे कला, असे मानले तर ही कलाच आहे.

कपड्याची कला मात्र शिवणाऱ्यापाशी संपत नाही. नऊवारीला शिलाईच नसते. सुमारे सव्वाआठ मीटरच्या सपाट कापडाला आकार येतो तो नेसणारीच्या हातून. कापड कमरेमागून पुढे आणून बेंबीपाशी गाठ बसते. एका बाजूच्या निऱ्या घालून समोर खोचतात, त्यांचा मधला काठ पायांमधून मागे ओढून कासोटा घट्ट बसवतात, आणि उरलेली लांब बाजू कमरेभोवती फिरवून छातीवरून पदर घेतात. गाठ सैल राहिली तर सगळे नेसण सुटते. निरी कमीजास्त झाली तर काठ तिरका पडतो. पिन नाही, नाडी नाही, आणि तरी दिवसभराच्या कामात ते जागचे हलत नाही.

कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या कुंभिवलीसारख्या गावांत या नेसणाला भातशेतीने घडवले. लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकून उभे राहायचे, तर घोट्यापर्यंतचा घोळ चालत नाही. म्हणून लुगडे वर खोचले जाते. ठाकर आदिवासी स्त्रियांच्या जुन्या पद्धतीत ते आखूड आणि मांड्यांशी घट्ट असे, आणि गळ्यात रंगीत मण्यांच्या माळांचे थरावर थर. लुगड्याची उंची कामाने ठरवली, पण माळांची संख्या आणि रंगांचा क्रम कामाने ठरवला नाही. तिथे निवड होती, हौस होती आणि सौंदर्याची जाण होती. गरज भागल्यावरही जो जास्तीचा प्रयत्न माणूस करतो, तिथूनच कलेची सुरुवात होते.

याच पट्ट्यात, कर्जतजवळच्या एन. डी. स्टुडिओत, ‘जोधा अकबर’चे भव्य सेट उभे राहिले होते. त्या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी नीता लुल्ला यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. शेजारच्या वाड्यांतल्या नेसणाची मात्र फारशी नोंद झाली नाही. घरातल्या बाईच्या हातचे आणि रोजचे म्हणून ते कौशल्य गणतीतच धरले गेले नाही.

आता शिवलेली नऊवारी मिळते. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत मुली ती हौसेने घालतात आणि त्यामुळे हा पेहराव तरुण पिढीत टिकला, हे मान्य केले पाहिजे. पण निऱ्या शिंप्याने कायमच्या बसवल्या की अंगलोटानुसार आणि कामानुसार बदलणारे नेसण थांबते. साडी राहते, हातातली कला जाते.

म्हणून नीट कपडे करण्याच्या मेहनतीला नटवेपणा म्हणून हिणवणे चुकीचे आहे. निवड, कौशल्य आणि अर्थ या तिन्ही कसोट्यांवर चांगले नेसण उतरते. संग्रहालयांनी साडी घडी घालून ठेवण्याऐवजी नेसणाच्या पद्धतीसह मांडावी, कोणत्या समाजाची आणि कोणत्या कामाची ती पद्धत, हे लिहावे. गावातल्या शाळांनी चित्रकलेच्या तासाला एखाद्या आजीला बोलावून मुलामुलींना लुगडे नेसणे दाखवावे. त्याला खर्च जवळजवळ नाही. ज्यांच्या हातात ही कला आहे, त्या हयात असेपर्यंतच ते शक्य आहे.